यशवंतचा पगार

मी जन्मभर आश्रमशाळेत गणित शिकवलं. नफा-तोटा, सरळव्याज, हौदाला लावलेले दोन नळ, सगळं पोरांच्या गळी उतरवलं. पण एका माणसाचा महिन्याचा पगार किती, हे गणित काही मला शेवटपर्यंत सुटलं नाही. आणि तो माणूस माझ्याच घरात, माझ्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहत होता! यशवंत भोये त्याचं नाव. मोबाईलच्या टॉवरसाठी जागा बघत डोंगरातून हिंडणारा सर्व्हेअर. अजूनही जव्हारात कुणी विचारतं, 'बाई, तुमच्याकडं तो टॉवरवाला राहायचा, त्याला मिळायचं तरी किती हो?' मी म्हणते, चहा घेणार का?

खोली बघायला आला तेव्हा गळ्यात एक ओळखपत्र, खिशात दोन. एकावर इंजिनिअर लिहिलेलं, दुसऱ्यावर सर्व्हेअर, तिसऱ्यावर नुसताच नंबर. मी म्हटलं, "यातला तू कोण?"

"ज्याचं काम असेल तो, बाई."

"आणि पगार किती?" भाडेकरूला एवढं विचारावंच लागतं.

"कुठल्या महिन्याचा?"

मला वाटलं, पोरगा आगाऊ आहे. म्हटलं, "गेल्या महिन्याचा सांग."

"तो अजून आला नाय. त्याच्या आधीचा अर्धा आलाय. म्हणजे अर्धा असं नाय, जेवढा पास झाला तेवढा."

पगार पास-नापास होतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण पोरगा साखरशेतच्या बाजूचा, भात-नागलीची शेती करणाऱ्या घरातला; चपला न सांगता बाहेर काढल्या, बोलताना नजर चुकवली नाही. खोली दिली. भाडं मात्र त्यानं कधी थकवलं नाही, ते कुठून द्यायचा देव जाणे.

त्याच्या तोंडात लांब आणि जवळ हे शब्दच नव्हते. त्याच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची ठिकाणं, दिसतं ती आणि दिसत नाय ती. "अरे, खोडाळा इथून किती लांब?" असं विचारलं तर म्हणायचा, "दिसत नाय, बाई. मधी डोंगर येतो." एका टॉवरला दुसरा टॉवर दिसावा लागतो म्हणे. माझ्या परसातल्या जांभळाकडं तो असा रोखून बघायचा की मला वाटे, हा आता झाड तोडायला सांगणार. काही विचारलं की पहिला शब्द ठरलेला, "डिपेंड हाय." आमटी तिखट झाली का रे? डिपेंड हाय, बाई. कशावर डिपेंड आहे, मुडद्या? जिभेवर का मिरचीवर?

पावसाळ्यात जव्हारला धुकं धरलं की चार-चार दिवस समोरचं घर दिसत नाही. त्या दिवसांत यशवंतचा जीव नुसता वर-खाली व्हायचा. प्रत्येक जागेवरून चहूबाजूंचे फोटो काढून पाठवायचे असतात, आणि फोटोत डोंगराची कड दिसली नाही की जागा नापास. आमची गच्चीही त्याच्या यादीतली एक जागा होती. एकदा जेवायला बसला होता. दुसरा भात वाढते तोवर बाहेर थोडं उजाडल्यासारखं झालं. "बाई, उठलं!" असा ओरडला आणि भाताचा हात तसाच घेऊन पायऱ्या चढत गच्चीवर. मला वाटलं, शेजारी कुणाला काही झालं. वर जाऊन बघते तर हा डाव्या हातात फोन धरून स्वतःभोवती हळूहळू फिरतोय, उजव्या हाताचा भात वाळतोय. खाली आला तेव्हा तोंड उतरलेलं. पश्चिमेची बाजू येईस्तोवर पुन्हा धुकं बसलं होतं. आमटी मी परत गरम केली.

शिरपामाळला तर यानं मजाच केली. मुंबईकडचं एक कुटुंब सहलीला आलेलं, त्यांनी याला फोटो काढून द्या म्हणून फोन दिला. यानं काढला. आभाळ झकास, डोंगराची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ, आणि माणसं पार तळाला, हनुवटीपासून खाली गायब. त्या बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही कुठं आहोत?" हा म्हणतो, "तुम्ही मधी नाय येत." हे त्यानंच मला येऊन सांगितलं, आणि त्या का चिडल्या ते त्याला खरंच कळलं नव्हतं.

तर पगार. एका संध्याकाळी मेथी निवडायला घेतली आणि त्याला समोर बसवलं. म्हटलं, आज सुटका नाही, नीट सांग. मोठी कंपनी एका मोठ्या ठेकेदाराला काम देते. तो नाशिकच्या एका लहान ठेकेदाराला देतो. तो यशवंतला. एका जागेचे अमुक इतके रुपये.

"बरं. मग जागा गुणिले दर. संपलं."

"नाय ना बाई. पास झाली तर."

"पास कोण करतं?"

"ठाण्याच्या ऑफिसात एक मुलगा बसतो. तो फोटो बघतो. त्याला महिन्याचा फिक्स पगार हाय."

"तो मोखाड्याला आलाय कधी?"

"नाय. पण त्याच्याकडं डिग्री हाय. माझा डिप्लोमा."

"आणि तुझा अनुभव? त्याचे काही वाढत असतील ना?"

"त्याचं उलटं हाय, बाई. मी लागलो तेव्हा दर चांगला होता. आता सर्व्हे करणारे वाढले, दर उतरला. जेवढा जुना झालो तेवढं कमी झालं."

मेथी माझ्या हातात तशीच राहिली. आमच्या नोकरीत शिकवा नाहीतर झोपा काढा, दरवर्षी वाढ मिळायची. मी विचारलं, शहरातल्या सर्व्हेअरचं काय? तर तिथं लिफ्टनं गच्चीवर जायचं, दुपारच्या जेवणापर्यंत तीन-चार इमारती उरकतात. इथं एका टेकाडाला अख्खा दिवस जातो. वर गेलं की कळतं, जागेचा मालक वीटभट्टीवर गेलाय, किंवा जमीन वनखात्याची निघते. पुन्हा जा. दर दोन्हीकडं तोच.

"मग डोंगराळ भागाचा भत्ता नको का द्यायला?" मी तावातावानं म्हटलं.

"हाय ना. मोखाड्याला हाय."

"आणि जव्हारला?"

"जव्हार त्यांच्या शीटवर शहरी हाय. इथं नगरपरिषद हाय ना. म्हणून आख्खा तालुका शहरी."

म्हणजे हा जव्हारच्या बाजूला दरीत उतरून, कपडे फाटून वर आला तर ते काम शहरातलं. आणि मोखाड्याच्या बाजारात डांबरी रस्त्यावर वडापाव खात उभा राहिला तर डोंगरी!

"अरे, पण मोखाड्याला पण आता नगरपंचायत झालीय की!"

यशवंतनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "हे कुठं बोलू नका, बाई."

पुढं मग गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, लॅपटॉप स्वतःचा असला तर त्याचे थोडे पैसे मिळतात, आणि त्यात टाकायच्या कसल्यातरी सॉफ्टवेअरचे तेवढेच कापतात. माझं डोकं भणभणायला लागलं. रात्री भाजीत मेथीपेक्षा देठंच जास्त निघाली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एक दिवस यशवंत येऊन दारात उभा राहिला, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "बाई, गावित भाऊसाहेबांकडं माझं बोलाल का? सरिता म्हणाली, बाईंना सांग."

सरिता माझी विद्यार्थिनी, आता मोखाड्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स. यशवंतची फिरती त्याच वाटेनं. दोघांचं कुठं आणि कधी जुळलं ते मी विचारलं नाही, मला आनंदच झाला. तिचे वडील गावित भाऊसाहेब कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आमच्या ओळखीतला शिस्तीचा माणूस. मी गेले, यशवंतचं चांगलं चार तोंडांनी सांगितलं. घराणं माहितीतलं, व्यसन नाही, कष्टाळू. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पगार किती?"

"तेवढं सोडून काहीही विचारा."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मी पाड्यावर वाढलो. भात आला तर घरात होतं, नाही आला तर नव्हतं. आई शेजारी जाऊन बसायची, म्हणजे आम्ही जेवण मागू नये. मी कारकून झालो, पहिल्या तारखेला आकडा घरात यायला लागला, तेव्हा कुठं रात्री झोप लागली. मला पोरीसाठी एकच आकडा हवा. लहान असला तरी चालेल. पण एकच, आणि दर महिन्याला तोच."

खरं होतं ते. मी घरी येऊन यशवंतला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि त्या दिवसापासून एकाच गोष्टीच्या मागं लागला. नाशिकच्या ठेकेदारानं त्याला शब्द दिला होता, मोखाड्याकडच्या पाड्यांचा एक गट होता, जिथं मोबाईलला रेंजच नाही अशा जागांचा. तो सगळा गट पास झाला की यशवंतला महिन्याच्या ठरलेल्या पगारावर घेणार. एक आकडा. तो मिळाला की सरिता.

दोन-अडीच महिने त्यानं जिवाचं रान केलं. सगळे पाडे उरकले. शेवटी कुरणपाडा. तिथं खरंच रेंज नाही, याची तपासणी करायला कंपनीचा माणूस येणार होता, आणि त्या वेळी सर्व्हेअरनं हजर राहायचं नाही असा नियम. म्हणून यशवंत आधी जाऊन पाड्यावर सांगून आला, "साहेब येतील रेंजचं बघायला. त्यांना सगळं नीट दाखवा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी कुरणपाड्याचा लखमा आजा माझ्या घरी आला. यशवंत जेवत होता. आजाला पण पान वाढलं. म्हाताऱ्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

"सायेब आला यशवंत, तुजा सायेब! आमी त्याला खाली नाय बसवला. खाली काय हाय? रेंज नाय, काय नाय. वर टेकाडावं नेला, त्या चपट्या दगडावं. आदल्या दिशी बायांनी वाट झाडली. खुर्ची वर नेली, शाळंतली. पोरींनी गोंड्याचा हार केलता. त्यानं फोन काढला, तं भरून रेंज! बायकोला लावला, तिचा फोटू आला आत, बोलती! आमी समद्यांनी तिला हात केला."

यशवंतचा घास हातातच राहिला.

मला काही कळेना. मी म्हटलं, "अहो आजा, पण त्यांना वर कशाला नेलंत?"

"आँ? रेंज बघाया आलता ना तो? मंग पाव्हण्याला रिकामा धाडायचा? आमच्याकडं हाय ती समदी दाखवली." आणि मग यशवंतकडं वळून, जरा काळजीनं, "नीट दाखवली ना रं?"

यशवंतनं घास ताटात ठेवला. पाणी प्यायला. आणि म्हणाला, "एकदम नीट दाखवलीत, आजा. भात घ्या अजून." स्वतः उठून त्यानं म्हाताऱ्याला वाढलं.

आजा गेल्यावर मी भडकले. "अरे, सांगायचं नाहीस त्यांना? टेकाडावर रेंज आहे म्हणजे पाड्यावर रेंज आहे असं लिहिलं जाणार! पाडा यादीतून जाणार आणि तूही!"

"काय सांगू, बाई? त्यांचं काय चुकलं? मीच म्हणालो नीट दाखवा." तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. "हारपण केलता म्हणे."

मला रडूच आलं. राग कुणावर काढायचा तेही कळेना. तपासणीच्या माणसानं दिसलं ते लिहिलं, पाड्यानं पाहुणचार केला, यशवंतनं सर्व्हे बरोबर केला होता. चुकलं कुणाचंच नाही, आणि बुडालं सगळ्यांचं. कुरणपाडा नापास झाला, त्याच्यामुळं आख्ख्या गटाचे पैसे अडकले, आणि ठरलेल्या पगाराची गोष्ट ठेकेदारानं पुन्हा काढली नाही. वर त्या साहेबाच्या फेरीचा खर्च यशवंतच्या नावे टाकला. त्या महिन्याचा कागद त्यानं मला दाखवला. पगार वजा! मी पोरांना वजाबाकी शिकवली, पण महिनाभर राबून माणूसच ठेकेदाराचं देणं लागतो, हे उदाहरण कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्या पाड्याला पुढं टॉवर मिळाला का, तेही मला नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं मिळाला, कुणी म्हणतं नुसता खड्डा खणलाय.

आणि तो कागद आला त्याच आठवड्यात भाऊसाहेबांचा निरोप आला, मुलाला घेऊन या. सरितानं घरी लकडा लावला असावा.

जाताना वाटेत मी यशवंतला बजावलं, "हे बघ, पंचवीस हजार म्हणून सांग आणि गप्प बस. वर्षाचं सगळं मिळून सरासरी तेवढं येतच असेल."

"येत असंल का, बाई?"

"मला काय विचारतोस? सांग म्हणते ना!"

"बरं."

भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. पाणी झालं, पाऊसपाणी झालं. मग त्यांनी घसा साफ केला. "पगार किती आहे आपला?"

मी यशवंतकडं बघून डोळ्यांनी खुणावलं. त्यानं तोंड उघडलं. "डिपेंड हाय, भाऊसाहेब."

झालं! मी कपाळाला हात लावला. पुढं सगळा पाढा. ठेकेदार, पास-नापास, शहरी जव्हार, डोंगरी मोखाडा. भाऊसाहेबांनी चष्मा लावला. जन्म पगारबिलं करण्यात गेलेला माणूस, त्यांना आता पोरीपेक्षा त्या पगाराचीच काळजी लागली.

"थांबा, थांबा. म्हणजे मूळ वेतन नाही?"

"नाय."

"मग भत्ता कशावर काढतात?"

"जागेवर."

"आणि रजा?"

"रजा म्हंजे काम नाय."

"गेल्या महिन्यात किती आले?"

"गेल्या महिन्यात वजा."

"वजा?"

"वजा."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "मी पगार कापलेला बघितलाय, थांबलेला बघितलाय. वजा झालेला नाही बघितला." मग त्यांनी चष्म्याची घडी करून डबीत ठेवली. मला कळलं, संपलं. यशवंतलाही कळलं असावं, कारण त्यानं पाय जवळ घेतले.

तेवढ्यात सरिता चहा घेऊन आली. तिनं ट्रे ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"बाबा, माझा पगार किती?"

"तुझं काय मध्येच? तुझी सरकारी नोकरी आहे."

"कंत्राटी हाय, बाबा. दरवर्षी करार संपतो, मग पुन्हा करतात. दोन महिने झाले, पैसे आले नायत. फिरतीचे वेगळे, लसीकरणाचे वेगळे, येतात तेव्हा येतात. मलाच माहीत नाय किती. तुम्ही मला कधी विचारलंत का? का घराबाहेर काढलंत?"

"तू माझी मुलगी आहेस."

"मग त्याला कशाला काढताय?"

भाऊसाहेब एकदम म्हातारे दिसले. मला त्यांची फार दया आली. त्यांना सगळं ठाऊक होतं, बापाला ठाऊक नसेल का? पण गावभर 'पोरगी सरकारी नोकरीत' सांगून सांगून त्यांनी स्वतःचीच समजूत घातली होती. ते उठून आत गेले. चहावर साय धरली. मी यशवंतला म्हटलं, चल, निघू. आम्ही चपला घालत होतो तोच ते बाहेर आले. हातात तांदळाची पिशवी, तोंड बांधलेली.

"सरिताला आज उपकेंद्रावर परत जायचंय," ते यशवंतकडं न बघता म्हणाले. "हे तिच्या खोलीवर न्यायचं तांदूळ. दुपारच्या एसटीचा भरवसा नाही. तू मोखाड्याकडंच चाललायस ना? जाता जाता सोड तिला."

भर सकाळी, सगळ्या आळीसमोर, आपली लग्नाची मुलगी एका पोराच्या गाडीवर बसवायची, म्हणजे आमच्या जव्हारात वेगळा होकार लागत नाही. यशवंतला ते कळलंच नाही. तो आपला म्हणतोय, "सोडतो की, वाटेवरच हाय." सरितानं त्याच्याकडं असं काही बघितलं की मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि किल्ली हातातून खाली पडली.

"आकडा जमला की सांग," भाऊसाहेब म्हणाले.

पुढं लग्न होऊन ती दोघं मोखाड्याकडंच राहायला गेली, माझी वरची खोली रिकामी झाली. मधूनमधून फोन येतो, बरं चाललंय म्हणतात, आणि मी पगाराचं विचारत नाही. पण यशवंत आठवला की मला दिसतो तो त्या सकाळचाच, गाडीला किक मारणारा. सरिता मागं बसली. आळीच्या खिडक्या उघडलेल्या, म्हणून तिनं तांदळाची पिशवी दोघांच्या मध्ये नीट उभी ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून ताठ बसली. गाडी निघाली. भाऊसाहेब आणि मी फाटकात उभे.

रस्ता वळतो तिथं गाडी थांबली. सरिता उतरली. यशवंतनं पिशवी उचलून पुढं टाकीवर घेतली. ती परत बसली आणि गाडी चालू झाली.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "पिशवी घसरत असेल," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "रस्ताच तसा आहे."